आरोग्यसंवाद : फोटोवाल्यांचा हायपो आणि सासूबाईंची जखम

या सदराकडे येणाऱ्या बहुतेक पत्रांत खोकला, अपचन, मुलांचे दांत, असल्या नित्याच्या तक्रारी असतात, व त्यांना नित्याचींच उत्तरें देऊन भागतें. परंतु गेल्या पंधरवड्यांत कृष्णाकांठच्या एका गांवाहून एका भगिनीचें जें आठ पानी पत्र आलें, तें वाचून होईपर्यंत माझ्या हातांतला चहा निवून गेला. पत्र लिहिणाऱ्या बाई एका मोठ्या एकत्र कुटुंबांतील मधल्या सूनबाई आहेत. आपलें नांवगांव छापूं नये असें त्यांनीं कळविलें आहे, आणि तें योग्यच आहे. मात्र हकीकत इतर घरांसही उपयोगी पडण्याजोगी असल्यामुळें त्यांच्या संमतीनें ती थोडक्यांत देतों, व उत्तरही येथेंच लिहितों.

त्यांच्या सासूबाईंचें वय ६४. मधुमेह वीस वर्षांचा. मूत्रपिंडें निकामी होऊन चार वर्षें झालीं, आणि तेव्हांपासून आठवड्यांतून तीनदां तालुक्याच्या गांवीं जाऊन डायालिसिस, म्हणजे यंत्राच्या साह्यानें रक्तशुद्धि, चालू आहे. बाई मोठ्या धीराच्या. यंत्रावरून उठून घरीं आल्या कीं तासाभरानें देवघरांत वाती वळीत बसणाऱ्या. गेल्या श्रावणांत त्यांची डावी मांडी दुखूं लागली. वर कांहीं दिसेना, पण पातळाचा स्पर्शही सोसवेना. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, नागीण असावी. आंबेहळद उगाळून ऊन लेप झाला, शेक झाला. तीन आठवड्यांनीं मांडीवर जाळीसारखी जांभळी नक्षी उमटली, आंतला भाग लांकडी फळीसारखा टणक लागूं लागला, आणि दिवाळीच्या आधींच तेथली कातडी काळी पडून फुटली. मग शहरांतील मूत्रपिंडतज्ज्ञांकडे नेलें. त्यांनीं रोगाचें नांव ‘कॅल्सिफिलॅक्सिस’ असें सांगितलें आणि डायालिसिसच्या वेळीं शिरेंतून द्यावयाचें एक औषध लिहून दिलें.

तो कागद मामंजींच्या हातीं पडला. मामंजींनीं तरुणपणीं माळ्यावर काळोखी खोली करून फोटो धुण्याचा नाद केलेला. त्यांनीं चष्मा सारखा करून औषधाचें नांव दोनदां वाचलें आणि म्हणाले, “सोडियम थायोसल्फेट! अहो, हा तर आमचा हायपो! फोटो धुण्याचें पाणी हिच्या अंगांत घालणार?”

तेव्हांपासून घरांत दोन तट पडले आहेत. भगिनीचे प्रश्न तीन. हें औषध खरें आहे काय, हा पहिला. दुसरा असा कीं, धाकट्या भावोजींनीं अमेरिकेहून सासूबाईंच्या हाडांसाठीं म्हणून कॅल्शियमच्या गोळ्यांची मोठी बाटली पाठविली, ती संपली तशी दुसरी पाठविली, आणि “मीच रोज दोन गोळ्या त्यांच्या हातावर ठेवीत होतें, तर हें माझ्या हातून झालें काय?” तिसरा प्रश्न पत्राच्या शेवटीं बारीक अक्षरांत लिहिलेला आहे. त्याच्याकडे मीही शेवटींच वळतों.

मूत्रपिंडें मूत्र करितात एवढें सर्वांस ठाऊक असतें; पण रक्तांतील कॅल्शियम व फॉस्फरस यांचा तोल राखणें हेंही त्यांचें काम आहे. फॉस्फरसला आपल्याकडे स्फुरद असेंही म्हणतात. तेंच नांव येथें वापरतों. निरोगी मनुष्याच्या मूत्रावाटें जास्तीचा स्फुरद निघून जातो. मूत्रपिंडें थकलीं कीं तो रक्तांत सांचूं लागतो, आणि बिघडलेला तोल सांवरण्यासाठीं मानेंतील चार चिमुकल्या ग्रंथि, ज्यांस पॅराथायरॉइड म्हणतात, त्या जादा काम करूं लागून हाडांतला चुना ओढून काढितात. जो हाडांत असावयाचा तो रक्तवाहिन्यांच्या भिंतींत जाऊन बसतो. बंबाच्या आंत क्षाराचें किटण चढतें तसाच हा प्रकार असावा, अशी पूर्वीं समजूत होती. परंतु गेल्या पंचवीस वर्षांतील संशोधनानें असें दाखविलें आहे कीं, स्फुरदाच्या माऱ्यानें भिंतींतल्या स्नायुपेशी आपला धर्मच सोडतात आणि हाडांच्या पेशींसारख्या वागूं लागतात. मूत्रपिंडाच्या रुग्णांत मोठ्या धमन्यांची अशी स्थिति सर्रास आढळते. कॅल्सिफिलॅक्सिसमध्यें ती त्वचेच्या व तिच्याखालील मेदाच्या अतिशय बारीक धमन्यांत होते. आधींच अरुंद झालेल्या त्या नलिकांत रक्ताची गुठळी अडकते, आणि पाटाचें पाणी तुटलेला वाफा जसा करपतो तसा पुढचा त्वचेचा तुकडा मरतो.

पोट, मांड्या, नितंब अशा मेद अधिक असलेल्या जागा या रोगाच्या विशेष आवडीच्या. कित्येकांस तो पोटऱ्यांवरही होतो. रक्तावांचून तडफडणाऱ्या त्वचेची ही वेदना असल्यामुळें ती जखमेच्या आधीं येते, हें विशेष ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. नागिणीचीही वेदना आधीं येते, हें खरें. परंतु तिचे पुरळ थोड्याच दिवसांत उठतात आणि ते अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे असतात. डायालिसिसवरील मनुष्याची मांडी किंवा पोट कारणावांचून असह्य दुखूं लागलें, किंवा तेथें हाताला टणक गांठ अगर जांभळी जाळी आढळली, तर लेप, शेक, मालीश यांत एकही दिवस न घालवितां मूत्रपिंडाच्या डॉक्टरांस ती जागा उघडून दाखवावी. आमच्या घरांतील वडील बायका मांडी दाखविण्यास संकोचतात आणि यंत्रावर पांघरूण घेऊन निजून राहतात. त्यांत महिने जातात.

रोग विरळा आहे, हेंही सांगितलें पाहिजे, नाहींतर पत्रांचा पाऊस पडावयाचा. अमेरिकेंतील एका मोठ्या पाहणींत डायालिसिसवरील हजार रुग्णांमागें वर्षाला सुमारें साडेतीन जणांस तो आढळला. जपानांत व जर्मनींत तर प्रमाण पुष्कळच कमी आहे. स्त्रिया, स्थूल माणसें व मधुमेही यांच्यांत तो अधिक दिसतो.

नांवाची हकीकत मोठी गमतीची आहे. ‘स्ट्रेस’ हा शब्द आज ज्याच्या त्याच्या तोंडीं असतो. तो वैद्यकांत रूढ करणारे शास्त्रज्ञ हान्स सेल्ये यांनींच मॉन्ट्रिआल येथें उंदरांवर प्रयोग करून १९६१–६२ च्या सुमारास ‘कॅल्सिफिलॅक्सिस’ हा शब्द घडविला. आधीं ड जीवनसत्त्व किंवा पॅराथायरॉइडचा रस देऊन उंदीर ‘तयार’ करावयाचा, आणि मग त्याच्या त्वचेला लहानशी इजा करावयाची, कीं तेथें चुना सांचून कातडी कडक होई. पुढें १९७६ सालीं अमेरिकन डॉक्टरांनीं मूत्रपिंडाच्या अकरा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली, तेव्हां हें उसनें नांव मनुष्याच्या रोगास चिकटलें. वास्तविक उंदरांच्या त्या प्रकारांत बारीक धमन्यांचा दोष नव्हता. पण आधीं तयारी आणि मग एखादें निमित्त, ही सेल्ये यांची कल्पना मात्र आजही उपयोगी पडते. भगिनीच्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर तिच्यांतच आहे.

वीस वर्षांचा मधुमेह, चार वर्षांची मूत्रपिंडांची विकलता, वाढलेला स्फुरद, बेताल झालेल्या ग्रंथि, या सर्वांनीं शरीर तयार होत आलेलें असतें. त्यांत एका बाटलीचा वांटा किती, हें कोणाही वैद्यास सांगतां येणार नाहीं. आणि तशाच गोळ्या घेऊन ज्यांना हा रोग झाला नाहीं असे रुग्ण पुष्कळ आहेत. “माझ्या हातून झालें” हें आपण मनांतून काढून टाकावें. मात्र बाटली फडताळांतून आजच काढून टाकावी. या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं खऱ्या आहेत.

कारण या रोगाच्या उपचारांत देण्यापेक्षां काढून घेण्याचा भाग मोठा आहे, आणि तो घरच्या माणसांस फार जड जातो. आजारी माणसाला कांहींतरी पौष्टिक द्यावें ही आमची हौस. हाडें दुखतात म्हणून कॅल्शियम, अशक्तपणा म्हणून ड जीवनसत्त्वाच्या ६०,००० युनिटांच्या पुड्या, पित्त म्हणून शंखभस्म, उष्णता म्हणून प्रवाळभस्म. शंख काय, पोंवळें काय, मोत्याची शिंप काय, सर्व मुख्यतः कॅल्शियमचेच प्रकार, हें भस्म देणाऱ्याच्या ध्यानांत नसतें. अलीकडे तर गव्हाच्या दाण्याएवढा खाण्याचा चुना ताकांतून रोज घ्यावा, असा उपदेश भ्रमणध्वनीवरून घरोघर फिरतो. निरोगी माणसाचें त्यानें काय होईल हा प्रश्न निराळा. डायालिसिसवरील माणसानें त्याच्या वाटेस जाऊं नये.

येथें एक सूचना अवश्य केली पाहिजे. डॉक्टरांनीं जेवणाबरोबर घेण्यास दिलेल्या कांहीं गोळ्यांतही कॅल्शियम असतें. अन्नांतला स्फुरद पोटांतच बांधून ठेवणें हा त्यांचा हेतु असतो. त्या आपण होऊन बंद करूं नयेत. हा रोग झाल्यावर डॉक्टर त्यांच्या जागीं सेव्हेलॅमर किंवा लॅन्थॅनम यांसारख्या, कॅल्शियम नसलेल्या गोळ्या देतात. या गोळ्या घांसाबरोबर घेतल्या तरच काम करितात. एका घरीं मीं असें पाहिलें कीं, एकादशीस जेवण नाहीं म्हणून गोळी नाहीं, आणि फराळाला मात्र शेंगदाण्याचा कूट घातलेली खिचडी व वाटीभर दूध! शेंगदाण्यांत व दुधांत स्फुरद भरपूर असतो. उपवासाला माझी हरकत नाहीं. गोळीचाही उपवास घडूं नये, एवढेंच माझें म्हणणें.

काढून घेण्याच्या औषधांत दुसरें नांव वॉर्फरिनचें. रक्त पातळ ठेवण्यासाठीं हृदयाच्या पुष्कळ रुग्णांस तें दिलें जातें. त्याची जन्मकथा अशी : १९३३ च्या फेब्रुवारींत अमेरिकेच्या विस्कॉन्सिन प्रांतांतील एक शेतकरी, नासका चारा खाऊन रक्तस्राव होऊन मेलेली कालवड आणि न गोठणारें रक्त भरलेला डबा घेऊन, बर्फाच्या वादळांत विद्यापीठाच्या दारीं आला. तेथील रसायनशास्त्रज्ञ कार्ल पॉल लिंक व त्यांचे सहकारी यांनीं कित्येक वर्षें खपून चाऱ्यांतलें तें द्रव्य वेगळें काढलें. त्याच जातीचें वॉर्फरिन १९४८ सालीं उंदीर मारण्यासाठीं बाजारांत आलें, आणि १९५४ पासून माणसांचें औषध झालें. तें के जीवनसत्त्वाचें काम अडवितें. पुढें असें कळून आलें कीं, धमन्यांत चुना बसूं न देणारें एक प्रथिन शरीरांत असतें, आणि त्यास के जीवनसत्त्वावांचून धार येत नाहीं. १९९७ सालीं तें प्रथिन जन्मतःच नसलेले उंदीर प्रयोगशाळेंत तयार करण्यांत आले, तेव्हां त्यांच्या मोठ्या धमन्या चुनखडीसारख्या होऊन फुटल्या व ते दोन महिन्यांच्या आंत मेले. म्हणून या रोगांत शक्य असेल तेथें डॉक्टर वॉर्फरिन बंद करून दुसरें औषध योजितात. ‘शक्य असेल तेथें’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. हृदयांत धातूची झडप बसविलेल्या माणसानें हा लेख वाचून गोळी सोडली तर दुसऱ्याच संकटांत पडेल. तो निर्णय हृदयाच्या व मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनीं एकत्र बसून घ्यावयाचा आहे.

आतां मामंजींच्या हायपोकडे वळतों. मामंजींस माझा नमस्कार सांगून असें कळवावें कीं, आपली ओळख अचूक आहे. द्रव्य तेंच. खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांना १८१९ सालीं असें आढळलें कीं, न विरघळणारे चांदीचे क्षार या द्रव्यांत विरघळतात. आणि वीस वर्षांनीं फोटोग्राफीचा उदय होतांच चित्र टिकाऊ करण्यासाठीं त्यांनीं तेंच सुचविलें. पुढें सायनाइडच्या विषावर उतारा म्हणून तें वैद्यकांत आलें व आजही तें काम करितें. मूतखड्याच्या कांहीं रुग्णांसही तें देऊन पाहण्यांत आलें होतें. या सर्व अनुभवांवरून २००४ सालीं कॅल्सिफिलॅक्सिसच्या एका स्त्री-रुग्णास तें शिरेंतून दिल्याचें व तिच्या जखमा भरून आल्याचें वृत्त प्रसिद्ध झालें, आणि तेव्हांपासून जगभर तें दिलें जातें. अर्थात् रुग्णालयांतील औषध निर्जंतुक व शुद्ध असतें. माळ्यावर एखादी जुनी बाटली राहिली असेल तर तिचा याच्याशीं संबंध नाहीं.

सामान्यतः डायालिसिसच्या शेवटच्या तासांत किंवा तें संपल्यावर, सुमारें २५ ग्रॅम, बारीक चणीच्या माणसास त्याच्या निम्में, असें आठवड्यांतून तीनदां, कित्येक आठवडे व महिने देतात. मळमळ व उलटी हा त्याचा नेहमींचा त्रास. हळू दिलें व आधीं उलटीवरचें औषध दिलें तर तो कमी होतो. रक्तांतील आम्लता वाढते, कधीं रक्तदाब उतरतो. म्हणून तपासण्या कराव्या लागतात. तें चांदीप्रमाणें कॅल्शियमलाही विरघळवितें अशी पहिली कल्पना होती; पण पुष्कळ रुग्णांची वेदना चुना विरघळण्याच्या कितीतरी आधीं, थोड्याच दिवसांत, उतरते. तेव्हां त्याचें काम याहून निराळ्या वाटेनेंही होत असावें.

तें खात्रीनें बरें करितें काय? नाहीं. ज्यांना गुण आला त्यांच्या हकीकती पुष्कळ आहेत; पण अनेक पाहण्या एकत्र करून हिशेब मांडला असतां, औषध मिळालेले व न मिळालेले यांच्या आयुर्मर्यादेंत स्पष्ट फरक दिसला नाहीं. यावर मीं बराच विचार केला आहे, आणि माझें मत असें कीं, मूत्रपिंडतज्ज्ञ देत असतील तर तें अवश्य घ्यावें, परंतु सर्व आशा त्या एका बाटलींत ठेवूं नये. याला पुष्टि देणारी एक गोष्ट २०२४ सालीं प्रसिद्ध झाली. धान्याच्या कोंड्यांत व कडधान्यांत जें फायटिक आम्ल असतें, त्यापासून केलेल्या एका नव्या औषधाची या रोगाच्या सुमारें सत्तर रुग्णांवर परीक्षा झाली. कांहींना औषध दिलें व कांहींना नुसतें निरुपद्रवी पाणी. बारा आठवड्यांनीं पाहतात तों दोन्ही गटांच्या जखमा व वेदना जवळजवळ सारख्याच सुधारलेल्या! औषधाचा पराभव झाला खरा. पण पाणी मिळालेल्यांना काय मिळत होतें? नियमित डायालिसिस, जखमेची काळजीपूर्वक निगा, वेदनेची विचारपूस, आणि वरचेवर पाहणारे डोळे. आजही ऑस्ट्रेलियांतून चालविलेल्या एका आंतरराष्ट्रीय प्रयोगांत हायपो, के जीवनसत्त्व व मॅग्नेशियम यांची रीतसर तुलना होत आहे.

बाकीचे उपचार थोडक्यांत सांगतां येतील. डायालिसिसचा वेळ कांहीं काळ वाढवितात. मानेंतील ग्रंथि फारच माजल्या असतील तर सिनाकॅल्सेट नांवाच्या गोळ्यांनीं त्यांस आवरतात, किंवा शस्त्रक्रियेनें त्या काढतात. सुमारें ३,९०० डायालिसिस-रुग्णांच्या एका प्रयोगांत सिनाकॅल्सेट मिळालेल्यांपैकीं सहा जणांस व न मिळालेल्यांपैकीं अठरा जणांस हा रोग झाला, असा दाखला आहे. परंतु ग्रंथि आधींच मंद असतील तर हा उपाय उलटा पडेल, म्हणून रक्त तपासूनच तो ठरतो. इन्सुलिनची सुई दुखऱ्या किंवा टणक जागीं टोंचूं नये. जखमेचा काळा थर घरीं ओढून काढूं नये. तो काढावयाचा किंवा नाहीं याविषयीं शल्यवैद्यांतही मतभेद आहेत, आणि प्रत्येक रुग्णाचा विचार निराळा करावा लागतो. ताप, थंडी, जखमेस दुर्गंधि, नवीन लाली, यांपैकीं कांहीं दिसल्यास रात्र असली तरी दवाखाना गांठावा, कारण या रोगांत मृत्यु येतो तो बहुधा जखमेंतून रक्तांत शिरलेल्या जंतूंमुळें. दुखणें स्पर्शानें दुसऱ्यास होणारें नाहीं. नातवंडांस आजीजवळ बसूं द्यावें.

जेवणाविषयीं एक भ्रम दूर केला पाहिजे. “मूत्रपिंडाचें दुखणें, म्हणून डाळ वर्ज्य” हा नियम डायालिसिस सुरू होण्यापूर्वींच्या काळांतला. यंत्रावर गेल्यानंतर प्रथिनांची गरज वाढते, आणि तीं न मिळाल्यास जखम भरत नाहीं. शाकाहारी घरांस एक समाधान आहे : डाळी-कडधान्यांतला स्फुरद शरीरांत बराच कमी शोषला जातो, तर बाटलींतलीं काळीं पेयें, डब्यांतलें चीज व टिकाऊ केलेले तयार पदार्थ यांत घातलेला स्फुरद जवळजवळ सगळा शोषला जातो. वरण-भातापेक्षां नातवानें प्रेमानें आणलेली ती पेयाची बाटलीच अधिक घातक!

आतां वेदना. पत्रांत याविषयीं दोनच ओळी आहेत : “रात्रभर कण्हतात. साधी गोळी देतों; जास्त देऊं नये, संवय लागेल, असें सर्वांचें मत.” या दोन ओळींनीं मला बाकीच्या आठ पानांपेक्षां अधिक अस्वस्थ केलें. ही वेदना वैद्यकास ठाऊक असलेल्या अत्यंत तीव्र वेदनांपैकीं आहे. साध्या गोळ्यांनीं ती भागत नाहीं. आणि अंगदुखीवर घरोघर घेतात त्यांतल्या कित्येक गोळ्या उरलेंसुरलें मूत्र बंद करितात व पोटांत रक्तस्राव घडवितात. येथें अफूच्या वर्गांतील औषधेंच लागतात, पण तींही पारखून. मॉर्फिन व कोडीन यांचे शरीरांत होणारे अंश मूत्रावाटें जावयाचे असतात. मूत्रपिंडें बंद असतां ते सांचतात, आणि रुग्ण गुंगींत जातो, अंगाला झटके येतात, श्वास मंदावतो. म्हणून फेंटॅनिलसारखीं औषधें योजतात. त्याची त्वचेवर चिकटविण्याची पट्टीही मिळते. त्या पट्टीवर शेक कधींही देऊं नये, कारण उष्णतेनें औषध एकदम अंगांत भिनतें. मलमपट्टी बदलण्यापूर्वीं पुरेशा वेळानें जादा औषध देण्यास डॉक्टरांस सांगावें, आणि मलावरोध होऊं नये याची पहिल्या दिवसापासून तजवीज ठेवावी.

संवय लागेल या भीतीविषयीं काय बोलावें? चौसष्ट वर्षांच्या, काळ्या जखमेनें तळमळणाऱ्या बाईला कसली संवय लागावयाची आहे! योग्य देखरेखीखालीं हीं औषधें सुरक्षितपणें देतां येतात व वेदना उतरतांच उतरवितां येतात. हीं औषधें मिळण्यास अडचण पडते, हें खरें आहे. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानें परवान्यांचें जाळें इतकें घट्ट झालें होतें कीं कित्येक रुग्णालयांनीं तीं ठेवणेंच सोडून दिलें. २०१४ सालीं त्यांत दुरुस्ती होऊन वाट पुष्कळ मोकळी झाली आहे. आपल्या तालुक्यास हीं औषधें नसतील तर जिल्ह्याच्या किंवा शहराच्या रुग्णालयांतील वेदनाशमन विभाग गांठावा. तो केवळ कर्करोगाच्या रुग्णांसाठीं असतो ही समजूत चुकीची आहे.

राहिला तो बारीक अक्षरांतला प्रश्न. सासूबाई रात्रीं सूनबाईंचा हात धरून म्हणतात, “पुरे झालें. मला आतां यंत्रावर नेऊं नका.” सकाळीं हें कोणाला सांगितलें तर घरांतले पुरुष रागावतात, मामंजी खोलीबाहेर निघून जातात. “त्यांचें म्हणणें मीं मनावर घ्यावें काय?”

होय, घ्यावें. पण त्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. हा रोग झालेल्यांपैकीं निम्मे किंवा त्याहूनही अधिक रुग्ण वर्षाच्या आंत दगावतात. हें घरांतील कर्त्या माणसांस स्पष्ट कळलें पाहिजे. जखम भरून आलेले व पुन्हां हिंडूंफिरूं लागलेले रुग्णही आहेत, हेंही तितकेंच खरें. असह्य वेदनेंत उच्चारलेलें ‘पुरे’ आणि वेदना शमल्यावर शांतपणें उच्चारलेलें ‘पुरे’ यांत अंतर असूं शकतें. म्हणून आधीं वेदना उतरवावी. मग दुपारच्या वेळीं, घरांत गर्दी नसतां, ज्यांच्याशीं त्या मोकळेपणानें बोलतात अशा एकाच माणसानें त्यांच्याजवळ बसून विचारावें : काय नको आहे? यंत्र नको, कीं प्रवास नको, कीं मलमपट्टी नको, कीं दिवाणखान्यांतलीं कुजबुज नको? प्रवास नको असेल तर त्याला उपाय आहेत. यंत्रच नको असेल तर तेंही म्हणण्याचा त्यांना अधिकार आहे. शुद्धीवर असलेल्या मनुष्यास उपचार नाकारतां येतात, आणि सन्मानानें मरण येणें हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असें आपल्या सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं सांगितलें आहे. डायालिसिस थांबविल्यावर बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत मृत्यु येतो, आणि त्या दिवसांत श्वासाचा व वेदनेचा त्रास होऊं न देण्यासाठीं डॉक्टरांची मदत लागते. तेव्हां हें त्यांच्याशीं आधीं बोलून ठरवावें. एखाद्या सकाळीं नुसतें गाडी न बोलावून ठरवूं नये. आणि या बोलण्याला मामंजींनीं खोलींत असावें. त्यांना तें किती कठीण जाईल, हें मला कळतें.

हें उत्तर मीं भगिनीस टपालानें आधींच पाठविलें होतें. मजकूर छापखान्याकडे जात असतां त्यांचें पोस्टकार्ड आलें. वेदनेची पट्टी सुरू होऊन आठ दिवस झाले. जखम अजून तशीच आहे, वाढलेली नाहीं. सासूबाई चार रात्री सलग झोपल्या. विचारल्यावर त्या म्हणाल्या, “संक्रांतीपर्यंत जाईन यंत्रावर. मग मला पुन्हां विचारा.” मामंजी आतां दर खेपेस बरोबर जातात, आणि हायपोची बाटली लागली कीं खुर्ची जवळ ओढून थेंब मोजीत बसतात.